तीन भिंगांचा कॅमेरा आणि माझा डबा

आमच्या घरात तीन कॅमेरे होते आणि तिघांचे तीन स्वभाव. पहिला तिपाईवरचा, सागवानी लाकडाचा, पितळी कोपऱ्यांचा. त्याला जागचा हलवायचं म्हणजे रुसलेल्या जावयाला पानावर बसवण्यासारखं होतं. दुसरा घडीचा. तो पोथीसारखा मिटायचा आणि उघडला की त्याचा भाता पुढे यायचा; त्या भात्याला मी जागोजागी काळं कापड चिकटवलेलं होतं. तिसरा म्हणजे डबा. चौकोनी, काळ्या कातड्यानं मढवलेला, पुढे इवलंसं भिंग आणि बाजूला एक खिट्टी. खिट्टी ओढली की तसबीर निघाली. तिघांचीही भिंगं जन्मापासून ज्या जागी बसली होती तिथेच होती. ती काढता येत नव्हती, बदलता येत नव्हती. मोठा दुकानात बसवून तसबीर काढायला, घडीचा गावोगाव न्यायला, आणि डबा माझा.

काळ निजामाच्या अमदानीचा. आमचं घर बीडात, बिंदुसरा नदीच्या अलीकडे. पुढच्या ओसरीवर ह्यांचं दुकान आणि मागे संसार. हे म्हणजे माझे यजमान. नाव घेण्याची तेव्हा रीत नव्हती आणि आता सवय नाही, म्हणून हेच म्हणते. लोक त्यांना तसबीरवाले म्हणत.

माझ्या तोंडाला लगाम नाही हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक होतं, तरी ह्यांच्या कामाबद्दल मी कधी वाकडं बोलले नाही. बोलायला जागाच नव्हती. समोर तालुकदार साहेब बसोत की मेंढरं राखणारा धनगर, ह्यांचा हात सारखाच चालायचा. एकदा असाच एक धनगर आपला लाडका मेंढा घेऊन आला. मेंढ्यासकट तसबीर हवी म्हणाला. मेंढा काही उभा राहीना. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाला ढुशा मारू लागला, रंगवलेल्या पडद्यावरची फुलं चाटू लागला. मी आतून ओरडले, "आवं, त्याला बाहेर काढा, पडदा खाईल की!" ह्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. मूठभर हरभरे आणले आणि मेंढ्याजवळ जमिनीवर फतकल मारून बसले. धनगराला म्हणाले, "आधी त्याला बसू द्या पाव्हणं, मंग तुमी. घाई कावून करायची?" सकाळ गेली, दुपारच्या भाकरी थंड झाल्या. पण तसबीर अशी आली की मेंढा आणि धनगर दोघे एकाच आईची लेकरं वाटावीत. धनगर तिच्याकडे बघून मोठमोठ्यानं हसत सुटला आणि रस्त्यावरच्या माणसांना हाका मारून दाखवू लागला. ह्यांच्या तसबिरींचं नेहमी असंच व्हायचं. माणसं स्वतःला हुडकायची, बोट ठेवायची, गलका करायची.

डबा माझ्याकडे कसा आला ते सांगते. आमच्या भागातल्या मोठ्या घरच्या बायका गोषात असत. परपुरुषासमोर येत नसत. पण पुढे पुढे सोयरिकीसाठी मुलीची तसबीर मागायची पद्धत पडू लागली, आणि तसबीर काढणार पुरुषच. पहिल्यांदा असं बोलावणं आलं तेव्हा ह्यांनी युक्ती केली. मोठा कॅमेरा आत ठेवला, मुलीला खुर्चीवर बसवायला सांगितलं, आणि खिट्टीची रबरी नळी पडद्याखालून बाहेर घेऊन स्वतः पाठमोरे बसले. "तयार?" विचारलं. आतून "व्हय" आलं. ह्यांनी फुगा दाबला. घरी येऊन तसबिरीची काच मसाल्यात धुतली तर तिच्यावर सुंदर, रेखीव, नक्षीदार रिकामी खुर्ची. मुलगी लाजून ऐन वेळी पळाली होती. मी पोट धरून हसले. हे मात्र गंभीरपणे म्हणाले, "खुर्ची लई चांगली आलीया."

दुसऱ्या खेपेला मला पाठवलं. मोठा कॅमेरा मला पेलेना म्हणून डबा दिला. त्यात शिकण्यासारखं काही नाही, असं ह्यांचं मत होतं. उन्हाच्या कडेला बसवायचं, सात-आठ हात लांब उभं राहायचं, पोटाशी धरायचा, वरच्या काचेत खाली मान घालून पाहायचं आणि खिट्टी ओढायची. मी काढली. मग त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आता ही धुणार कोण?"

"आमच्या घरचे," मी म्हणाले.

"मंग गोषा कशाचा, बाई? फिलमात बी आमची पोरगीच हाय न्हवं?"

बोलणं खोटं नव्हतं. म्हणून ठरलं की धुणार मी, छापणार मी, तसबीर आणि फिल्म दोन्ही त्या घरात द्यायच्या, आमच्याकडे काही ठेवायचं नाही आणि ह्यांनी काही पाहायचं नाही. बाईंनी मला करंडा पुढे केला आणि कुंकवाला हात लावून शब्द द्यायला लावला. कुंकवाची शपथ म्हणजे कुणाच्या जिवाची, हे वेगळं सांगायला नको. पुढे प्रत्येक घरात हीच रीत चालत आली. मी धुवायला शिकले, उन्हात कागद छापायला शिकले. मी अंगणात छापायला बसले की हे आपणहून नदीकडे निघून जात. तसबीर द्यायला आम्ही दोघं जात असू. मी आत, हे पडद्याबाहेर. इतकी वर्षं मी तसबिरी काढल्या, आणि माझ्या नवऱ्यानं, ज्याच्यासारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही, त्यानं त्यातली एकही पाहिलेली नव्हती.

मला त्या डब्याचा लळा लागला होता, हे सरळच सांगते. काळ्या कापडाखाली डोकं खुपसलं की समोरची बाई बावरते. डब्याचं तसं नाही. मान खाली घालून मी तांदूळ निवडत असल्यासारखी उभी असायची आणि तोंड चालू ठेवायची. बायका माझ्याशी बोलायच्या, हसायच्या, एकमेकींची उणीदुणी काढायच्या आणि मी कधी खिट्टी ओढली ते त्यांना कळायचं नाही. भिंग बदलता येत नसल्यामुळे मलाच पुढे-मागे व्हावं लागे, खाली बसावं लागे, थांबून राहावं लागे. घरात मी सून होते, बायको होते, चुलीपुढची होते. डबा हातात असला की मी तसबीर काढणारी होते. हे मला दुसऱ्या कशानं मिळालं नसतं.

एका वर्षी दिवाळी सरल्यावर हे औरंगाबादला जाऊन आले ते नवाच कॅमेरा घेऊन. तिथल्या एका हौशी वकिलाचा होता. लाकडीच, पण हलका, घडी होऊन पेटीत मावणारा, आणि बरोबर मखमली खणांत ठेवलेली तीन भिंगं. प्रत्येक भिंग एका छोट्या फळीवर बसवलेलं. पुढची खीळ सरकवली की फळीसकट भिंग निघायचं आणि दुसरं बसायचं. वकिलाला तीन मुलगे होते आणि तिघे ह्या एका कॅमेऱ्यावरून रोज भांडत. कंटाळून त्यानं ठरवलं होतं की हा एक देऊन टाकायचा आणि तिघांना तीन कॅमेरे आणायचे. आमच्याकडे नेमके तीन होते. पैशांचा व्यवहारच नव्हता, अदलाबदल होती. मार्गशीर्ष संपेपर्यंत वापरून पाहा, पटला तर तिन्ही कॅमेरे आणून द्या, असं बोलणं झालं होतं.

हे दुसऱ्याच दिवशी गाडी जोडून मला कपिलधारला घेऊन गेले. देवदर्शन होतंच, पण खरं कारण धबधबा. दरीच्या अलीकडे तिपाई रोवली आणि मला म्हणाले, "ये, बघ." मी कापडाखाली शिरले. मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. धबधबा खालून वर चढत होता. आधी त्यांनी रुंद भिंग लावलं. अख्खी दरी, झाडी, देवळाचा कळस, पायऱ्यांवरची माणसं, सगळं त्या वीतभर काचेत येऊन बसलं. मग मधलं. मग लांबचं. आणि मी ओरडलेच. जागचं पाऊलही न हलवता पाण्याची धार माझ्या नाकासमोर आली होती. खडकावरून उडणारा एकेक तुषार मोजून घ्यावा असा.

मी कापडाबाहेर आले तेव्हा हे माझ्याकडे बघत होते. नवी नवरी घरी आणल्यावर माणूस आईच्या तोंडाकडे बघतो तसे.

"कसाय?"

"लई देखणा हाय," मी म्हणाले, आणि ते मनापासून होतं. त्या कॅमेऱ्याला नाव ठेवणारा माणूस आंधळा असला पाहिजे. ह्यांच्यासारख्या माणसाच्या हातात तो शोभतही होता. इतकी वर्षं चिंध्या लावलेल्या भात्यावर राबलेला माणूस. त्याला हे मिळावं असं मलाही वाटलं.

परतताना गाडीत मी विचारलं, "मंग डबा बी द्यायचा?"

"तिन्ही मागितल्यात. तीन पोरं हायेत त्याला."

"आन मी आत काय घेऊन जायचं?"

"ह्योच की. मी लावून देतो, तू नुसता फुगा दाब. तुझ्या तसबिरी कितीतरी चांगल्या निघतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या तसबिरी चांगल्या निघतील! म्हणजे आत्ता वाईट निघत होत्या? न पाहता कळलं? मी तसं तोंडावर विचारलं. हे शांतपणे म्हणाले, "मंग दाखव एकदा. माझं मी ठरवतो."

इथेच माझं तोंड बंद झालं. दाखवायला घरात एक कपटा नव्हता आणि असता तरी शपथ होती. ज्याला कुंकवासाठी दाखवायचं नाही तोच म्हणत होता दाखव. घरी पोचेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि मी गप्प बसले की ह्यांना खरी काळजी वाटायची.

शेवटी ठरलं की पारख करायची. तेलगावच्या एका मोठ्या जमीनदाराच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात होतं आणि दोन्हीकडच्या, म्हणजे पुरुषांच्या आणि गोषातल्या, तसबिरींचं बोलावणं आम्हाला होतं. तिथे फक्त नवा कॅमेरा न्यायचा. जमलं तर डबा वकिलाकडे. मी "बरं" म्हणाले. मनात म्हणाले, बघूच.

तेलगावात आम्ही पोचलो तेव्हा सगळं गाव कपाशी वेचायची सोडून मांडवात जमलं होतं. मी आत गेले. नवरीला मी आधी एकदा तसबिरीसाठी पाहिलं होतं, त्यामुळे ती मोकळी होती. तिनं मला कोपऱ्यात ओढलं. "माझी आन आत्याची एक काढा. बाशिंगाच्या आधी."

आत्या म्हणजे तिच्या बापाची बहीण. लहानपणी विधवा होऊन भावाकडे परत आलेली. आई आजारी असायची, म्हणून ह्या मुलीला लहानाचं मोठं आत्यानंच केलं होतं. पण एकदा नवरीच्या कपाळी बाशिंग बांधलं की विधवेनं तिच्याजवळ यायचं नाही अशी रीत. म्हणून त्या दिवशी शेवटची वेणी आत्या घालणार होती, आणि त्यानंतर ती कोठीच्या अंधारात जाऊन बसणार होती. मी मुलीला म्हणाले, "काढते." जीभ टाळ्याला लावायच्या आधीच म्हणून मोकळी झाले.

दुपारी वरपक्ष आला. बाहेर पायऱ्यांवर सगळ्या पागोट्यांची मांड बसली. रुंद भिंग लावल्यामुळे हे दिवाणखान्याच्या दारापासून थेट मांडवाच्या खांबापर्यंत सगळे त्यात घेत होते. पडद्याच्या फटीतून मी पाहत होते आणि खरंच सांगते, ह्यांचं कसब बघण्यासारखं होतं. तापट व्याह्यांना पुढे, अबोल चुलत्याला उजेडात, भांडलेले दोन भाऊ एकमेकांपासून लांब. आणि त्याच वेळी माझ्या मागे, चौकातल्या उन्हाच्या कडेला, आत्यानं फणी हातात घेतली होती.

मी पडद्याजवळ जाऊन हाक मारली, "आवं, कॅमेरा आत द्या. लवकर."

"आलोच. एवढी माणसं बसवलीत, उठवू कशी?"

परत आत पाहिलं. एक बट विंचरून झाली होती. मुलगी काहीतरी म्हणाली आणि आत्या हसली. परत हाक मारली. बाहेर कुणाचं तरी उपरणं नीट करणं चाललं होतं. माझे हात रिकामे होते. मला ते हात कुठे ठेवावेत कळेना. डबा बीडात फडताळात होता.

कॅमेरा आत आला तेव्हा बाशिंग बांधून झालं होतं आणि बायका नवरीला गराडा घालून होत्या. मी तिपाई लावली, मधलं भिंग बसवलं, सगळ्यांची तसबीर काढली. ती चांगली आली. मी कोठीच्या दाराशी गेले. आत्या धान्याच्या कणगीला टेकून उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनीच मला समजावलं, "ऱ्हाऊ द्या, बाई. न्हाई व्हायचं ते न्हाई झालं. माझी तसबीर घेऊन कुणाला काय करायचंय?"

परतीच्या वाटेवर मी ह्यांच्यावर जे तोंड सोडलं ते आज लिहिताना मलाच हसू येतं. "तुमच्या कॅमेऱ्याला तीन भिंगं हायेत आन हात दोनच! एका टायमाला एकाच उंबऱ्यात उभा ऱ्हातो त्यो. त्या वकिलाला कळलं ते तुमाला कावून कळंना? तीन पोरांना तीन कॅमेरे पायजेत म्हणून तर त्यानं हा बाहेर काढला!" गाडीवान बिचारा बैलांच्या कानात बघत बसला. हे ऐकून घेत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "मांडवपरतणीला येईल न्हवं पोर?"

आमच्याकडे लग्नानंतर थोड्याच दिवसांत मुलगी पहिल्यांदा माहेरी येते, त्याला मांडवपरतणी म्हणतात. तेव्हा बाशिंग उतरलेलं असतं, कुणी कुणाजवळ बसायला आडकाठी नसते. लग्नाच्या तसबिरी पोचवायचं निमित्त होतंच. आम्ही गेलो. ह्या वेळी माझ्या मांडीवर डबा होता. घे असं ह्यांनी म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही.

त्या दुपारी मी आत्याला म्हणाले, "घाला की परत वेणी." आत्या नको नको म्हणाल्या आणि मुलीनं पाठ करून त्यांच्यापुढे बसकण मारली. मी उन्हाच्या कडेला उभी राहून मान खाली घालून बोलत राहिले. सासर कसंय, सासू बोलते का, तिथली भाकर जाड असते की पातळ. आत्यानं केस जरा जोरात ओढले, मुलगी कळवळली, आत्यानं एक खास शिवी हासडली आणि दोघी हसल्या. मी खिट्टी ओढली. मग त्यांच्याच कोठीचं दार लावून अंधारात फिल्म धुतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच अंगणात कागद उन्हाला लावला. बरोबरच्या बाटल्या आणि तबकं बघून घरातल्या लेकी मला वैदीण म्हणू लागल्या होत्या.

दोन्हीकडच्या तसबिरी एकाच वेळी वाटल्या गेल्या. बाहेर ह्यांनी लग्नातल्या पिशवीतून काढल्या आणि एकच कल्ला उठला. "ह्यो मी!" "आरं, पागोटं बघ की तुझं!" "मामा तर डोळे मिटून बसलाय बे!" आत मी आत्याच्या हातात त्यांची तसबीर ठेवली. बायका भोवती वाकल्या. आणि आतला आवाज बंद झाला. ह्यात मला नवल वाटलं नाही, माझ्या तसबिरींना नेहमी असंच व्हायचं. बायका पाहत राहायच्या, बोलायच्या नाहीत, कुणी पदरानं तोंड पुसायची. मला ते इतकं सवयीचं होतं की त्याबद्दल मी ह्यांना कधी सांगितलंही नव्हतं.

मग आत्या उठल्या आणि पडद्याशी गेल्या. आयुष्यात परपुरुषाशी बोलल्या नसतील, पण बोलल्या. "तसबीरवाले, हायेत का तिथं?"

"हाय, बाई," बाहेरून ह्यांचा आवाज आला. बाहेरचा गलकाही थांबला.

"तुमी ही पाहिली न्हाई म्हणे."

"न्हाई."

"पाहू बी नका. पण ऐका." आत्यानं तसबीर डोळ्यांजवळ धरली. "पोर माझ्या म्होरं बसलीया. तिची येणी माझ्या हातात हाय, अर्धी. ती हसतीया. मी बी हसतीया." त्यांनी तसबीर जरा उजेडाकडे कलती केली. "नवरा गेला तवापासून मी आरशात बघितलं न्हाई. मला वाटायचं, मी मेलेलीच दिसत आसंन. न्हाई दिसत."

मी आतल्या आत पदर तोंडाशी धरून रडत होते. मला त्याची लाज वाटली नाही.

परतताना जमीनदारानं आपली बैलांची दमणी दिली होती. बराच वेळ हे बाहेरच्या कपाशीकडे बघत होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुझ्या तसबिरी बऱ्या येत न्हाईत."

"ते कसं काय?"

"माझी तसबीर दिली की लोक गलका करत्यात. तुझी आत गेली की सगळं गप. दर घरात, दर वेळी. मी पडद्याबाहेर बसून ऐकत आलो. मला वाटायचं, बिचाऱ्यांना आवडत न्हाई आन तोंडावर बोलत न्हाईत. तुला वाईट वाटंल म्हणून मी कधी इचारलं न्हाई." पुढे म्हणाले, "चांगलं भिंग मिळालं तर तुझ्या बी तसबिरींना लोक बोलतील, म्हणून तर त्यो कॅमेरा एवढा मनात भरला."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. रागवायला काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस पडद्याबाहेर बसून माझ्यासाठी वाईट वाटून घेत होता आणि एका शब्दानं कळू देत नव्हता. असा नवरा आणि असा खुळा माणूस मला एकाच जन्मी मिळाला, ह्याचं मला आजही कौतुक वाटतं.

मार्गशीर्ष संपायच्या आत हे स्वतः जाऊन तो कॅमेरा वकिलाला परत देऊन आले. द्यायच्या आधी तिन्ही भिंगं मऊ मलमलीनं पुसली आणि मखमली खणांत एकेक करून झोपवली. त्यांना दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. पुढे कितीतरी वर्षं, पावसाळ्यानंतर कपिलधारचा विषय निघाला की ते म्हणत, "त्या लांबच्या भिंगातनं पाणी बघितलंतं न्हवं आपण?" मी म्हणे, "बघितलं की." आणि घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला नवं कापड चिकटवायला बसे.

औरंगाबादहून परतल्यावर एक दिवस त्यांनी डबा फडताळातून काढून माझ्या पुढ्यात ठेवला. "माझी काढ," म्हणाले. "मला काय गोषा न्हाई."

आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस पुढे आला की कसा दिसतो, तसे हे दिसत होते. ताठ, हात मांडीवर, श्वास कोंडलेला. मी मान खाली घालून बोलत राहिले. त्या रिकाम्या खुर्चीची गोष्ट काढली, मेंढ्याची काढली. ते काही सैल होईनात. मग मी म्हणाले, "त्या मोठ्याच्या पितळेला हिरवं चढलंय बघा." त्यांनी चटकन बाजूच्या मोठ्या कॅमेऱ्याकडे वळून धोतराच्या सोग्यानं पितळ पुसायला घेतलं, आणि आपण कशासाठी बसलो आहोत हे विसरून गेले. तेव्हा मी खिट्टी ओढली.

तसबीर धुतली, अंगणात छापली. पहिल्यांदाच हे नदीकडे गेले नाहीत. ओसरीवर बसून राहिले. मी ओला कागद पुसून त्यांच्या हातात दिला. मी काढलेली एवढीच एक तसबीर ह्यांना पाहता येणार होती. ते उठून दाराच्या उजेडात गेले. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली, परत जवळ धरली.

"कशी हाय?" मी विचारलं.

हे काही बोलले नाहीत. मी परत विचारलं नाही.